खोटी बोली, खोटी साक्ष



नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला लिलाव म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. लासलगाव असो की पिंपळगाव बसवंत, कांद्याच्या ट्रॉल्या बाजार समितीच्या आवारात रांगेने उभ्या राहतात, व्यापारी एकेका ट्रॉलीपाशी येतात, मूठभर कांदा हातात घेऊन पाहतात आणि बोली सुरू होते. ट्रॉलीजवळ उभा असलेला शेतकरी काही बोलत नाही. तो फक्त ऐकतो. कित्येक महिन्यांच्या कष्टांचे मोल तेवढ्या वेळात ठरून जाते आणि पुढच्या ट्रॉलीचा पुकारा सुरू होतो.

ही सारी पद्धत एका साध्या विश्वासावर चालते. जो बोली लावतो त्याला माल खरोखर हवा आहे आणि बोललेला पैसा तो देणार आहे, असे सगळे गृहीत धरतात. बोली म्हणजे एक प्रकारची साक्षच. "ही वस्तू माझ्या दृष्टीने इतक्या रुपयांची आहे," असे माणूस चारचौघांसमोर सांगत असतो. ती साक्ष ऐकून दुसरा आपला विचार पक्का करतो किंवा बदलतो.

ही साक्षच खोटी असेल तर काय, या प्रश्नाचा विचार आज आपण करणार आहोत. मात्र कांद्याच्या बाजारापेक्षा एका वेगळ्याच बाजाराकडे आधी पाहू. तो आपल्या मुलांच्या मोबाईलमध्ये भरतो आणि त्याची आपल्यापैकी पुष्कळांना कल्पनाही नसते.

खेळाडूंच्या चित्रांचा बाजार

आपल्या लहानपणी च्युइंगगमच्या पाकिटातून क्रिकेटपटूंची चित्रे मिळत. ती जमवायची, दुहेरी झाली की मित्राशी अदलाबदल करायची, वहीत चिकटवायची, इतकाच तो व्यवहार होता. आज खेळाडूंची कार्डे गोळा करणे हा जगभर मोठा धंदा झाला आहे. अमेरिकेत मिकी मँटल या बेसबॉलपटूचे १९५२ सालचे एक कार्ड २०२२ साली एक कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. आपल्याकडे एवढ्या रकमा नाहीत. पण क्रिकेटपटू व फुटबॉलपटूंची कार्डे, जुनी नाणी व नोटा, टपाल तिकिटे, खेळण्यातल्या छोट्या मोटारी यांचे लिलाव इंटरनेटवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही होत असतात. २००० साली सुरू झालेली ‘बाझी डॉट कॉम’ ही लिलावाची वेबसाइट काहींना आठवत असेल. २००४ साली ती ‘ईबे’ या अमेरिकन कंपनीने विकत घेतली आणि २०१८ साली भारतातील ते दुकान बंद करण्यात आले. दुकान बंद झाले, लिलावाची हौस मात्र राहिली.

छंद वाईट नाही. आपल्या नाशिकला तर त्याचा शेजारच लाभला आहे. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये देशाची टपाल तिकिटे छापली गेली आणि अंजनेरीला जुन्या नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे. जुनी वस्तू जपणारा माणूस इतिहास जपत असतो. पण जिथे वस्तूची किंमत केवळ लोकांच्या इच्छेवर ठरते, तिथे इच्छेचेच सोंग आणण्याचा मोह फार लवकर होतो.

ते सोंग असे असते. समजा, एका मुलाने एक कार्ड लिलावाला ठेवले. एका गिऱ्हाइकाला ते फार आवडले आणि त्याने ठरवले की पाच हजार रुपयांपर्यंत जायचे. अनेक वेबसाइटवर अशी कमाल रक्कम आधीच देऊन ठेवता येते. समोर जितकी बोली येईल तिच्यापेक्षा थोडी जास्त बोली यंत्र आपोआप लावते. दुसरा एक खरा इच्छुक दोन हजार दोनशेवर थांबला. म्हणजे ते कार्ड पहिल्याला दोन हजार तीनशेच्या आसपास मिळायला हवे. पण विकणाऱ्याने आपल्या मावसभावाला फोन केला, "दुसऱ्या नावाने थोडी बोली चढव." मावसभावाने चढवत चढवत चार हजार नऊशेपर्यंत नेली आणि तो गप्प बसला. गिऱ्हाइकाने पाच हजार भरले आणि वर आनंदाने आभारही मानले. मावसभावाला ते कार्ड नकोच होते. त्याच्या खिशात तेवढे पैसेही नव्हते.

आणि अंदाज चुकून मावसभावाचीच बोली शेवटची ठरली तर? तर विकणारा सांगतो, "त्या गिऱ्हाइकाने पैसे भरले नाहीत, तुम्हांला हवे असेल तर तुमच्या बोलीला देतो." जत्रेत पत्त्यांचा खेळ मांडणाऱ्यासमोर सर्वांत आधी जिंकणारा माणूस त्याचाच असतो, हे आपल्याला आजोबांनी सांगितलेले असते. त्याच माणसाला मोबाईलच्या पडद्यावर ओळखता येत नाही, एवढाच काय तो फरक.

हे किती दूर जाते

हा पोरखेळ आहे असे कुणाला वाटेल. अमेरिकेतील एक प्रकरण पाहावे. बिल मॅस्ट्रो हे तेथील खेळाडूंच्या कार्डांच्या व वस्तूंच्या लिलावातले फार मोठे नाव होते. होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूचे एक कार्ड त्यांच्या हातून गेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या मालिकेतले ते कार्ड. त्या मालिकेतील वॅग्नरची फार थोडी कार्डे उरली आहेत. हे कार्ड १९९१ साली प्रसिद्ध आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की व त्यांच्या भागीदाराने चार लाख ५१ हजार डॉलरला घेतले आणि २००७ साली ते अठ्ठावीस लाख डॉलरला विकले गेले. २०१२ साली मॅस्ट्रो यांच्यावर खटला भरण्यात आला. २०१३ साली त्यांनी न्यायालयात दोन गोष्टी कबूल केल्या. आपल्या कंपनीच्या लिलावांत खोट्या बोल्या लावून किमती वाढवल्या जात होत्या, आणि त्या प्रसिद्ध कार्डाच्या कडा आपणच कापून ते नव्यासारखे दिसेल असे केले होते. २०१५ साली त्यांना वीस महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.

कार्डाच्या कडा कापणे आणि बोली फुगवणे ही दोन्ही कामे एकाच हाताने केली, याचे आम्हांला आश्चर्य वाटत नाही. एकात वस्तू खोटी होते, दुसऱ्यात किंमत खोटी होते. ज्याला एक चालते त्याला दुसरे फार काळ टोचत नाही.

आपल्या देशाचा कायदाही याबाबत मुका नाही. १९३० सालच्या माल विक्री अधिनियमाचे चौसष्टावे कलम लिलावाविषयी आहे. विकणाऱ्याला स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावायची असेल, तर तसा हक्क राखून ठेवल्याचे आधी उघड सांगावे लागते. न सांगता तसे केले तर घेणारा त्या विक्रीला कपट मानू शकतो. आणि किंमत वाढवण्यासाठी बोलीचे नुसते सोंग केले, तर तो सौदा मोडण्याचा अधिकार घेणाऱ्याला मिळतो. मोबाईलच्या कितीतरी आधी आपल्या कायद्याने हे लिहून ठेवले आहे.

"त्याने आपखुशीने पैसे दिले"

या बाबतीत सर्वांत जास्त ऐकू येणारे समर्थन असे आहे: "आम्ही कुणावर जबरदस्ती केली नाही. त्याला पाच हजारांना घ्यायचे होते, त्याने घेतले. तो खूश, आम्ही खूश. चोरी झाली कुठे?"

हा प्रश्न सोपा नाही आणि तो हसून उडवून लावू नये. गिऱ्हाइकाची तयारी पाच हजारांची होती हे खरे. पण ती तयारी कोणत्या अटीवर होती? "दुसऱ्या कुणाला ही वस्तू चार हजार नऊशेला हवी असेल, तर मी पाच हजार देईन," अशी. तो दुसरा कुणी अस्तित्वातच नव्हता. म्हणजे गिऱ्हाइकाने ज्या गोष्टीला होकार दिला ती गोष्ट घडलीच नाही. त्याचा होकार खोटे बोलून मिळवलेला होता, आणि असा होकार हा होकार नसतो. सुमारे दोन हजार सातशे रुपये त्याच्या खिशातून गेले आणि ते घेण्याचा विकणाऱ्याला काही हक्क नव्हता. याला सातव्या आज्ञेत चोरी म्हणतात. चोरी करण्याचे साधन होते खोटी साक्ष, आणि तिच्यासाठी आठवी आज्ञा आहे. एका बोटाच्या स्पर्शात दोन आज्ञा मोडल्या जातात.

ख्रिस्तसभेने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘कॅटेकिझम’मध्ये, परिच्छेद २४०९ मध्ये, सातव्या आज्ञेविरुद्धच्या पापांची यादी दिली आहे. दुसऱ्याच्या नुकसानीतून आपला लाभ व्हावा म्हणून वस्तूंच्या किमती कृत्रिमपणे वरखाली करणे हे तिथे स्पष्टपणे नोंदले आहे. दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन भाव चढवणेही त्याच यादीत येते. एखादी गोष्ट देशाच्या कायद्यात बसली तरी ती या आज्ञेविरुद्ध असू शकते, असेही तिथे बजावले आहे.

हा विचार आजचा नाही. रोमन वक्ता सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. विकणाऱ्याने भाव चढवण्यासाठी आपला माणूस उभा करू नये, आणि घेणाऱ्याने भाव पाडण्यासाठी आपला माणूस उभा करू नये, असे त्यात सांगितले आहे. अशा खोट्या बोलीवाल्यासाठी लॅटिन भाषेत एक खास शब्दच होता! तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार करताना सिसेरोच्या याच वचनाचा आधार घेतला. जो ख्रिस्ती नव्हता त्याच्या विवेकाला जे दिसले, ते एका महान संताने आपल्या श्रद्धेच्या विचारात सामावून घेतले.

गप्प राहणे आणि खोटे बोलणे

मग विकणाऱ्याने आपल्या वस्तूचे मोल राखायचेच नाही का? अवश्य राखावे. "इतक्या रकमेखाली देणार नाही," असे आधी सांगावे. सुरुवातीची बोलीच योग्य रकमेची ठेवावी. वस्तूची चांगली बाजू आनंदाने सांगावी, आणि दोष असेल तर तोही सांगावा.

संत थॉमस यांनी एक उदाहरण घेतले आहे. एक व्यापारी दुष्काळी गावात धान्य घेऊन येतो. मागून आणखी व्यापारी येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, गावकऱ्यांना नाही. त्याने ते सांगितलेच पाहिजे का? न सांगता चालू भावाने विकले तर तो न्यायाविरुद्ध वागत नाही, पण सांगितले तर त्याचा सद्गुण अधिक मोठा, असे ते म्हणतात. किती समजूतदार विचार आहे हा! गप्प राहण्याला मर्यादित जागा आहे. पण त्या व्यापाऱ्याने आपल्याच नोकराला गिऱ्हाईक म्हणून पाठवून ओरडायला लावले असते, तर त्याला संत थॉमस यांच्याकडे कोणतीच जागा मिळाली नसती.

सिसेरोच्या वचनाचा दुसरा भाग आपल्या जिल्ह्याने विशेष लक्षात ठेवावा. भाव चढवण्यासाठी जसे सोंग करतात तसे भाव पाडण्यासाठीही करता येते. घेणारे आधीच आपसात ठरवून आले आणि आवारात नुसतीच बोलीची नाटकी चढाओढ केली, तर शेतकऱ्याच्या कानावर पडणारी प्रत्येक बोली खोटी साक्षच असते. वस्तू घेताना तिला नावे ठेवायची आणि घरी गेल्यावर सौद्याची फुशारकी मारायची, या स्वभावावर नीतिसूत्रांच्या पुस्तकातील विसाव्या अध्यायात बोट ठेवले आहे. सण कधी संपतो आणि माप लहान करून विक्री कधी सुरू करतो, अशी घाई झालेल्या व्यापाऱ्यांवर आमोस संदेष्टा कडाडला तो आठव्या अध्यायात. परमेश्वराचे लक्ष वेदीइतकेच तराजूकडेही असते.

"चर्चसाठीच तर आहे"

आता एक नाजूक गोष्ट. कित्येक धर्मग्रामांत सणाच्या किंवा सुगीच्या वेळी लोकांनी आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. एक भोपळा, एक केक, एखादी कोंबडी बाजारभावाच्या दहापट किमतीला जाते आणि सगळे टाळ्या वाजवतात. ही फसवणूक आहे काय? मुळीच नाही. भोपळ्याची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे आणि वरचे पैसे दान आहेत हेही सगळ्यांना ठाऊक आहे. इथे बोली खरी आहे, कारण बोलणारा ती रक्कम देणार आहे.

पण समजा, आयोजकांनी दोघातिघांना आधीच सांगून ठेवले, "त्या अमक्याला चढवत न्या, तुमच्यावर आली तर आम्ही बघून घेऊ." मग त्या बिचाऱ्याला चारचौघांत माघार घेण्याची लाज वाटते आणि घरखर्चाचा पैसा तो बोलून बसतो. हेतू चांगला असला, पैसा छपराच्या दुरुस्तीला लागला, तरी साधन खोटे आहे. देवाच्या घराला असल्या पैशाची गरज नाही. ज्यांच्याकडे चर्चच्या कार्यक्रमांची जबाबदारी असते त्यांनी याचा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

खोट्या नोटेचा प्रवास

एकाच गिऱ्हाइकाचे नुकसान होऊन हे पाप थांबत नाही. नाशिकरोडला १९२८ सालापासून नोटा छापल्या जातात. खोटी नोट म्हणजे काय हे आपल्या शहराला चांगले कळते. खोटी नोट बनवणारा एक असतो, पण ती भाजीवाल्याकडून रिक्षावाल्याकडे आणि रिक्षावाल्याकडून औषधांच्या दुकानात जाते. शेवटी ज्याच्या हातात सापडते तो बहुधा निरपराध असतो. खोट्या बोलीने ठरलेली किंमतही अशीच फिरते. "मागच्या महिन्यात असेच कार्ड पाच हजारांना गेले," असे वाचून दुसरा मुलगा साठवलेल्या पैशांतून तेवढेच मोजतो. त्याला विकणाऱ्याने कुणालाही फसवलेले नसते, तरी तो फसलेला असतो.

आणि त्या मावसभावाचे काय? त्याला एक पैसा मिळाला नाही. त्याने नात्याखातर केले. आम्हांला वाटते की या सर्व प्रकारात खरी कसोटी त्याचीच आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांवर पाळी येते ती त्याच्या जागी उभे राहण्याची. खोटी बोली एकट्याने लावणे कठीण असते, म्हणून ती मित्राकडे मागितली जाते, भावाकडे मागितली जाते, कधी आईच्या मोबाईलवरून लावली जाते. "एवढे पण करणार नाहीस का माझ्यासाठी?" या प्रश्नाला नकार देणे जड जाते. पण जो आपल्यासाठी खोटी साक्ष द्यायला तयार होतो तो उद्या आपल्याविरुद्धही देऊ शकतो, हे मागणाऱ्यालाही मनातून ठाऊक असते. प्रेमाने दिलेला नकार नात्याला तोडत नाही. "तुझे कार्ड मी मित्रांना दाखवतो, खरे गिऱ्हाईक शोधून देतो, पण हे नको," असे म्हणता येते.

परतफेड

ज्यांच्या हातून असे घडले असेल त्यांनी निराश होऊ नये. पापनिवेदनाचे दार सदैव उघडे आहे. मात्र चोरीच्या बाबतीत क्षमेबरोबर एक कर्तव्य येते, आणि ते म्हणजे घेतलेले परत करणे. ‘कॅटेकिझम’ या संदर्भात जक्कयाची आठवण देते. संत लूकच्या शुभवर्तमानातील एकोणिसाव्या अध्यायात प्रभू येशू जक्कयाच्या घरी गेला. तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला नाडले त्याला चौपट परत करण्याचे वचन दिले. प्रभूने त्याच्याकडे हिशेब मागितला नव्हता. प्रभू घरात आला आणि जक्कयाला आपला हिशेब आपणच दिसला.

इंटरनेटवरचे गिऱ्हाईक अनोळखी असते, त्याला कुठे शोधायचे, असे म्हणण्याची सोय इथे सहसा नसते. पार्सलवर त्याचा पत्ता आपणच लिहिलेला असतो. वरचे पैसे त्याच मार्गाने परत पाठवता येतात. खरोखरच तो सापडत नसेल, तर ती रक्कम आपल्याजवळ न ठेवता गरिबांना द्यावी, अशी ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे.

या आठवड्यात आपण घरोघरी काही प्रश्न स्वतःला विचारू या. माझा मुलगा मोबाईलवर काय विकतो, काय घेतो, हे मी त्याला प्रेमाने कधी विचारले आहे का? घर, जमीन किंवा जुनी गाडी विकताना "आणखी एक पार्टी जास्त द्यायला तयार आहे" असे मी खोटेच सांगितले आहे का? घेताना खोटी नावे ठेवली आहेत का? कुणी माझ्या नावाची, माझ्या नंबरची उसनवारी मागितली, तर मी काय उत्तर देईन?

आपले होय हे होय असावे आणि नाही हे नाही असावे, अशी प्रभूची आपल्याकडून अपेक्षा आहे. बोली लावतानाही आपण तोच शब्द उच्चारत असतो. तो खरा ठेवण्याची कृपा प्रभू आपल्या सर्व कुटुंबांना देवो.